एअरबॉक्समधला फिरता इन्सर्ट: एका स्क्रूचं पूर्ण प्रकरण

गाडी १५० सीसीची, फ्युएल इंजेक्शनवाली. वापर कुडाळ तालुक्यातल्या एका चिरेखाणीवर, घर मालवणच्या किनाऱ्याकडे. म्हणजे दिवसभर जांभ्याची लाल धूळ, रात्री खारी हवा आणि चार महिने पाऊस. मालक खाणीवर देखरेखीला असतात. त्यांची तक्रार होती की गाडी पूर्वीसारखी ओढत नाही. फिल्टर बदलायला गेलं तर झाकण उघडत नाही. "मेस्त्री, स्क्रू फिरता, पण भायर येना नाय," एवढं सांगून त्यांनी चावी हातात दिली. आधी जिथे दाखवलं होतं तिथे पूर्ण एअरबॉक्स, म्हणजे हवेचा फिल्टर ज्यात बसतो तो प्लास्टिकचा डबा, बदलायला सांगितलं होतं.

या एका स्क्रूचं काम सविस्तर लिहितोय, कारण हाच प्रकार टाकीच्या बाजूच्या प्लास्टिकमध्ये, हेडलाइटच्या कव्हरमध्ये, मीटरच्या खाली, शेपटीच्या पॅनलमध्ये सगळीकडे होतो, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी त्यावर एकच उपाय केला जातो: वरून डिंक ओतायचा. या गाडीवरही तो करून झाला होता.

फिरतंय नेमकं काय

झाकणाला सहा स्क्रू होते. पाच निघाले. डावीकडचा मागचा फिरत राहिला. अशा वेळी दोन शक्यता असतात. एक, आतले आटे गेलेत आणि स्क्रू एकटाच फिरतोय. दोन, आटे शाबूत आहेत, स्क्रू पितळी इन्सर्टमध्ये (प्लास्टिकमध्ये बसवलेल्या आट्यांच्या नळीत) घट्ट अडकलाय आणि इन्सर्टसकट सगळं प्लास्टिकमध्ये फिरतंय. दोन्हींचे उपाय वेगळे, त्यामुळे आधी हे ठरवायलाच हवं.

झाकणाच्या फटीत सपाट स्क्रूड्रायव्हर घालून झाकण हलकेच वर दाबून धरायचं आणि स्क्रू उलटा फिरवायचा. आटे गेले असतील तर स्क्रू कुठेतरी धरतो, सुटतो, पुन्हा धरतो, आणि थोडा थोडा वर येतो. इन्सर्ट फिरत असेल तर हाताला एकसारखा, रबरासारखा विरोध लागतो आणि स्क्रूचं डोकं तसूभरही वर येत नाही. डोक्यावर मार्करने रेघ मारून दोन-तीन फेरे देऊन पाहिले, उंची तीच. शिवाय या बॉक्सचा तो कान, म्हणजे स्क्रू बसतो तो बाहेर आलेला प्लास्टिकचा भाग, खालून उघडा होता. बॅटरी मारून पाहिलं तर पितळेचं बूड स्क्रूबरोबर गोल फिरताना स्पष्ट दिसत होतं, आणि कडेने प्लास्टिकची काळी भुकटी पडत होती. मग शंकाच उरली नाही.

इन्सर्ट म्हणजे पितळेची छोटी नळी. आत एम ५ चे, म्हणजे ५ मिमी स्क्रूचे आटे, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) ०.८ मिमी. बाहेरचा व्यास साधारण ७ मिमी, लांबी साडेनऊच्या आसपास, बाहेरच्या अंगाला दातेरी नर्लिंग. कारखान्यात तो एक तर साच्यात ठेवून त्याभोवती प्लास्टिक भरतात, किंवा नंतर उष्णतेने नाहीतर अल्ट्रासॉनिक कंपनांनी भोकात बसवतात. दोन्ही प्रकारांत पितळ आणि प्लास्टिक यांच्यामध्ये कुठलाही गोंद नसतो. पकड असते ती नर्लिंगच्या दात्यांमध्ये जाऊन गोठलेल्या प्लास्टिकची. ते दाते एकदा कापले गेले की भोक आतून गुळगुळीत होतं आणि इन्सर्ट बेअरिंगसारखा फिरायला लागतो. म्हणून दुरुस्ती म्हणजे ते दाते पुन्हा तयार करणं. वरून काही ओतून ते होत नाही.

अडकला का, याचं उत्तर किनाऱ्याजवळच्या गाडीत शोधावं लागत नाही. जस्ताचा मुलामा असलेला पोलादी स्क्रू, पितळी आटे आणि मध्ये खारट ओल. आधी जस्त खपतं, मग पोलाद गंजतं, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. आट्यांमधली ती गंजाची पकड प्लास्टिकच्या दात्यांपेक्षा जास्त झाली की स्क्रू सुटत नाही, दाते सुटतात.

स्क्रू बाहेर काढणं

इथे हात फार शिवशिवतात. पहिला मोह असतो डोकं ड्रिलने उडवायचा. पण जो स्क्रू पान्ह्याबरोबर फिरतो तो ड्रिलबरोबरही फिरणारच. बिट त्याला कापत नाही, नुसता गरम करत बसतो. दुसरा मोह ग्राइंडरचा. इंजेक्शनच्या पेट्रोल पाइपपासून वीतभर अंतरावर ठिणग्या उडवणं मला मान्य नाही, टाकी उतरवलेली असली तरी नाही. तिसरा मार्ग म्हणजे झाकण उचकटून इन्सर्ट ओढून काढणं. निघतो कधीकधी, पण कान फाटला तर पुढे दुरुस्त करायला काही उरत नाही.

आम्ही इन्सर्टला बाजूने खिळ मारली. हा कान गॅस्केटच्या (झाकणाखालच्या मऊ सील-पट्टीच्या) रेषेच्या बाहेर आहे, म्हणजे त्याला भोक पाडलं तर एअरबॉक्सच्या आत हवा जायचा प्रश्न नाही. हे आधी बघून घ्यायचं. कान आतल्या बाजूला असेल तर ही पद्धत वापरायची नाही. कानाची भिंत बाहेरून मोजली, इन्सर्ट साधारण कुठून कुठपर्यंत आहे त्याचा अंदाज घेतला, आणि मधोमध २ मिमीच्या बिटने हातड्रिल फिरवायला सुरुवात केली. मशीन नको, हातानेच. आधी काळ्या प्लास्टिकच्या बारीक कुरळ्या पट्ट्या निघतात. मग एकदम विरोध वाढतो आणि बिटच्या टोकाशी पिवळा कण चमकतो. तो दिसल्यावर अजून अर्धा मिमी, बस. बाहेरचा व्यास ७ आणि आत ५ चे आटे, म्हणजे पितळेची भिंत एकच मिमी आहे. त्याहून खोल गेलं तर बिट आट्यांत शिरतो आणि स्क्रू कायमचा अडकतो. बिटला चिकटपट्टीची खूण केली की खोली चुकत नाही.

त्या भोकात २.९ मिमीचा लहान सेल्फ-टॅपिंग स्क्रू पिळला. त्याचं टोक पितळेतल्या खळग्यात जाऊन बसलं. आता इन्सर्ट फिरू शकत नव्हता. तरी लगेच जोर लावायचा नाही, कारण ही खिळ कानाच्या पातळ भिंतीवरच टेकलेली आहे. आधी गंज सोडवायचा. सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर दहाएक सेकंद टेकवलं, काढलं, थंड होऊ दिलं, गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब सोडला. पुन्हा तसंच. गरम-थंड होताना पोलाद आणि पितळ वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात-आकसतात, त्यात गंजाचा थर भेगाळतो आणि तेल आत शिरतं. आयर्न जास्त वेळ ठेवलं तर पितळ ती उष्णता थेट प्लास्टिकला देतं, म्हणून सेकंद मोजायचे.

तेलाबद्दल एक सूचना इथेच देतो. हा बॉक्स पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे पीपीचा होता. त्याला एखाद-दुसऱ्या थेंबाने काही होत नाही. फेअरिंग किंवा पॅनल एबीएस या दुसऱ्या जातीच्या प्लास्टिकचं असेल तर तिथे तेलाचे स्प्रे आणि थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचं द्रव) दोन्ही लांब ठेवा. ताणाखाली असलेल्या एबीएसला अशा रसायनांनी बारीक तडे जातात, आणि ते काम झाल्यावर काही दिवसांनी दिसतात.

मग अ‍ॅलन की घालून आधी किंचित आवळायच्या दिशेने, मग सैल करायच्या दिशेने, पुन्हा आवळायच्या. मोठा हात नाही, मनगटही नाही, नुसती बोटं. एका क्षणी "टक्" असा आवाज आला आणि स्क्रू पाव फेरा सुटला. त्यानंतर तो सरळ बाहेर आला. आट्यांत तपकिरी गंज ठासून भरला होता.

झाकणाखाली काय दिसलं

झाकण उचलल्यावर पहिलं काम म्हणजे इंजिनकडे जाणाऱ्या तोंडात स्वच्छ कापडाचा बोळा घालणं. पितळेचा एक कण आत गेला तर बाकी सगळी मेहनत व्यर्थ.

बोळा घालण्याआधी मी त्या तोंडाच्या आतून बोट फिरवलं होतं. बोट लाल निघालं. फिल्टरच्या पलीकडे, जिथे हवा गाळून यायला हवी, तिथे जांभ्याची धूळ. डाव्या मागच्या कानापासून गॅस्केटवरून आत जाणारा लाल पट्टा इतका स्पष्ट होता की वाट कोणती हे सांगायची गरज नव्हती. स्क्रू सैल, त्यामुळे झाकणाचा तो कोपरा उचललेला, त्यामुळे इंजिन तिथून न गाळलेली हवा ओढत होतं. गाडी ओढत नव्हती ती तुंबलेल्या फिल्टरमुळे. पण खरं नुकसान या कोपऱ्यातून चाललं होतं. अशी धूळ सिलिंडर आणि रिंगा घासते. प्लास्टिकमधल्या एका पितळी तुकड्याला मी एवढं महत्त्व का देतो ते मालकांना त्या लाल बोटाने लगेच पटलं. इंजिन ऑइल त्याच दिवशी बदललं.

कानाच्या वरच्या कडेला झटपट डिंकाचा पांढरट थर होता. नखाने उचलला तर अख्खी चकती निघून आली, खाली प्लास्टिक जसंच्या तसं. पीपीचा पृष्ठभाग मेणचट असतो. साधा झटपट डिंक, दोन भागांचा इपॉक्सी, एम-सील, यातलं काहीच त्याला नीट धरत नाही. एबीएसवर यातल्या काही गोष्टी चालतात, त्यामुळे लोकांचा गैरसमज होतो.

मग प्लास्टिक ओळखायचं कसं? बहुतेक भागांवर आतल्या बाजूला टोकदार कंसांत खूण असते. या बॉक्सवर पीपी आणि पुढे टीडी २० असं होतं, म्हणजे २० टक्के टाल्क मिसळलेलं पॉलिप्रॉपिलीन. खूण नसेल तर अनेक जण तुकडा पाण्यात टाकून पाहतात: तरंगला तर पीपी, बुडाला तर एबीएस. साध्या पीपीसाठी हे बरोबर आहे, त्याची घनता ०.९ च्या आसपास असते. पण २० टक्के टाल्क घातलं की ती १ च्या वर जाते आणि पीपीही बुडतं. म्हणून मला अ‍ॅसिटोनची परीक्षा जास्त भरवशाची वाटते. न दिसणाऱ्या जागी कापसाने थेंब लावायचा. एबीएस चिकट होतं, पीपीला ढिम्म फरक पडत नाही.

दोष स्क्रूचा होता

सहा स्क्रूंची रांग लावली तेव्हा खरं कारण समोर आलं. चार स्क्रू मूळचे, पायरीवाले: डोक्याखाली जाड गुळगुळीत भाग आणि मग आटे. दोन स्क्रू बाजारातले साधे, डोक्याखाली वायसर. जो फिरत होता तो या दोनांपैकी एक.

पायरीवाला स्क्रू आवळला की त्याची पायरी थेट पितळी इन्सर्टच्या डोक्यावर जाऊन टेकते. पोलाद पितळेवर, विषय संपला. आवळण्याचा सगळा ताण स्क्रू आणि इन्सर्ट यांच्यातच राहतो, आणि झाकण गॅस्केटला ठरलेल्या मापाइतकंच दाबतं. साध्या स्क्रूला पायरीच नाही. झाकणाचं भोक इन्सर्टपेक्षा मोठं, त्यामुळे झाकण पितळेवर टेकत नाही, मऊ गॅस्केटवर टेकतं. आवळत गेलं की वायसर झाकणाला खाली दाबतो आणि स्क्रू इन्सर्टला वर ओढतो. गॅस्केट मऊ, म्हणून हाताला "आता बसला" असं जाणवतच नाही, आणि माणूस आणखी अर्धा फेरा देतो. प्रत्येक सर्व्हिसला हेच. इन्सर्ट केसभर वर सरकत गेला, दाते सैल झाले, आणि गंजाने शेवटचं काम केलं.

दुसऱ्या साध्या स्क्रूच्या कानावर सरळ पट्टी आडवी ठेवून पाहिली. तो इन्सर्ट अजून फिरत नव्हता, पण पट्टी त्याच्यावर डुलत होती. अर्धा मिमी वर आला होता. पुढचा नंबर त्याचाच होता.

गॅरेजमध्ये हरवलेल्या स्क्रूच्या जागी "त्याच मापाचा" टाकणं ही आपली रोजची सवय. माप म्हणजे फक्त आट्यांचा व्यास नव्हे, हे प्लास्टिकच्या बाबतीत प्रत्येकाने मनावर घ्यायला हवं. शेजारचा मूळ स्क्रू काढून शेजारी ठेवायला अर्धा मिनिट लागतो.

नवे दाते

खिळ काढली. जुना इन्सर्ट हाताने वर आला. भोक घासून वाढलं होतं, ७ मिमीचा इन्सर्ट त्यात खुळखुळत होता. एम ६ चा मोठा इन्सर्ट टाकणं सोपं पडलं असतं, पण मग मूळ जातीचा स्क्रू कधीच बसला नसता आणि पुढच्या माणसाने तिथे पुन्हा जोडजमाव केला असता. म्हणून एम ५ च ठेवला आणि भोक भरून घेतलं.

भरायला प्लास्टिक त्याच जातीचं लागतं. भंगारातल्या तशाच एका फुटक्या एअरबॉक्सच्या पट्ट्या कापल्या. भोकाच्या आतली तेलकट भिंत आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, मग धारदार पात्याने खरवडून ताजं प्लास्टिक उघडं केलं. तेलाचा अंश राहिला तर नवं प्लास्टिक जुन्याशी एकजीव होत नाही. खालून अ‍ॅल्युमिनिअमची चपटी पट्टी टेकवून भोक बंद केलं, आणि आयर्नच्या टोकाने आधी भिंत वितळवायची, मग पट्टीचा तुकडा त्यात कालवायचा, असं थराथराने भरत आलो. नुसता वितळलेला थेंब थंड भिंतीवर सोडला तर तो वरवर चिकटतो आणि नंतर गोळीसारखा निघतो. दोन्ही बाजू एकाच वेळी वितळलेल्या हव्यात. पीपी साधारण १६० ते १६५ अंशांना वितळतं. धूर यायला लागला तर आयर्न फार गरम आहे.

पूर्ण थंड झाल्यावर ६.४ मिमीचं भोक पाडलं, आरपार. इन्सर्ट आत जाताना बाजूला होणारं प्लास्टिक खाली सरकायला जागा लागते.

नवा इन्सर्ट निवडताना त्याचं नर्लिंग बघायचं. मधे खाच आणि वरच्या-खालच्या भागाचे तिरके दाते परस्परविरुद्ध दिशेला असतील तर उत्तम: दाते फिरणं अडवतात, खाचेत शिरलेलं प्लास्टिक ओढ अडवतं. सरळ उभ्या दात्यांचा इन्सर्ट फिरणं चांगलं अडवतो, पण वर ओढला की सरकतो, आणि इथे त्रास ओढीचाच होता.

आयर्न २२० अंशांच्या आसपास. इन्सर्ट भोकावर ठेवला, टोक आत घातलं आणि वाट पाहिली. दाबायचं नाही. पितळ तापलं की आयर्नच्या वजनानेच इन्सर्ट खाली उतरायला लागतो. जोर दिला तर प्लास्टिक वितळण्याऐवजी खरवडलं जातं आणि इन्सर्ट तिरका बसतो. साधारण १ मिमी वर असताना आयर्न काढलं आणि थंड अ‍ॅल्युमिनिअमची जाड पट्टी ठेवून दाबून सपाट केलं. पट्टी उष्णता ओढून घेते आणि इन्सर्ट काटकोनात राहतो. गार होईपर्यंत हात हलवायचा नाही. पीपी थंड होताना चांगलंच आकसतं आणि नर्लिंगला आवळून धरतं. कोमट असताना स्क्रू लावून बघितला तर ती पकड बसण्याआधीच मोडते. नंतर एम ५ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) हाताने फिरवून आट्यांत चढलेलं प्लास्टिक काढलं. बाजूला पाडलेलं २ मिमीचं भोकही त्याच प्लास्टिकने बुजवलं.

अर्धा मिमी वर आलेल्या दुसऱ्या इन्सर्टला फक्त आयर्न टेकवून, खाली बसवून, पट्टीने दाबलं. तो फिरत नव्हता, दाते शाबूत होते, त्याला एवढंच पुरेसं होतं.

पायरीवाले दोन स्क्रू सुटे मिळेनात. म्हणून मूळ स्क्रूची पायरी व्हर्निअरने मोजली आणि लेथवाल्याकडून त्याच लांबीचे दोन पोलादी बुश, म्हणजे छोट्या नळ्या, करून घेतले, आत ५.२ मिमी, बाहेर ७. साध्या एम ५ स्क्रूवर हा बुश चढवला की तो पायरीचं काम करतो. लांबी मात्र तंतोतंत हवी. बुश लांब झाला तर गॅस्केट दबत नाही आणि धूळ आत येते. आखूड झाला तर इन्सर्ट पुन्हा वर ओढला जातो. बसवताना आट्यांना अँटी-सीझचा (आटे जाम होऊ न देणाऱ्या वंगणाचा) अगदी पातळ हात दिला, म्हणजे पुढच्या पावसाळ्यानंतरही स्क्रू सुटेल. आवळायला अ‍ॅलन कीचा लांब भाग भोकात आणि आखूड भाग बोटांत, म्हणजे जास्त जोर लावताच येत नाही. बुश पितळेवर टेकला की हाताला कडक थांबा जाणवतो. तिथेच थांबायचं.

प्लास्टिक वेगळं असतं तर

एबीएसचं पॅनल असतं तर भोक भरायला एबीएसचेच तुकडे लागले असते. अ‍ॅसिटोनमध्ये एबीएस विरघळवून केलेली पेस्टही लोक वापरतात. ती चिकटते छान, पण अ‍ॅसिटोन उडून गेल्यावर आकसते, म्हणून पातळ थरांत आणि मध्ये भरपूर वेळ देऊनच. काचतंतू मिसळलेलं नायलॉन असेल तर आयर्न बरंच गरम लागतं. नायलॉन ६ सुमारे २२० आणि नायलॉन ६६ सुमारे २६० अंशांना वितळतं. पॅनलच्या मागे हात पोचत असेल आणि जागा असेल तर इन्सर्टचा नादच सोडून पत्र्याची क्लिप-नट (पॅनलच्या कडेवर अडकवायची आटे असलेली क्लिप) लावणं मला जास्त पटतं. आणि प्लास्टिकच्या पेट्रोल टाकीतला इन्सर्ट फिरत असेल तर तिथे आयर्न, ड्रिल, काहीही न्यायचं नाही. टाकी रिकामी केली तरी आत वाफ असते. ती टाकी बदलायची.

ही गाडी पुढच्या सर्व्हिसला आली तेव्हा मुद्दाम दोन्ही कोपरे आधी उघडले. स्क्रू पहिल्याच झटक्यात सुटले, पट्टी दोन्ही इन्सर्टवर सपाट बसली. फिल्टर अपेक्षेप्रमाणे लाल होता. तोंडात बोट फिरवलं तर स्वच्छ निघालं. मालकांना, एखादा हरवला तर असावा म्हणून, एक जादा बुश करून दिलाय, तो गाडीच्या टूलकिटच्या पिशवीत आहे.